ती माझी भाषा नाही

माझं नाव श्रीकांत. जर्मन जिभेला ते अख्खं झेपत नाही, म्हणून कामावर सगळे मला 'श्री' म्हणतात. आता जर्मनमध्ये नेमक्या याच उच्चाराचं एक क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ होतो 'ओरडला'. त्यामुळे आमच्या आयसीयूत सकाळी "आज खिडकीजवळच्या पेशंटकडे कोण?" असं कुणी विचारलं की उत्तर येतं, "ओरडला." शुद्धीवर असलेले पेशंट दचकतात. प्रत्यक्षात मी इतका कमी बोलतो की बायको म्हणते, तुमच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर सक्शन लावावं लागेल. सक्शन म्हणजे पेशंटच्या घशातला कफ ओढून काढायची नळी. बायकोला ही उपमा सुचते यावरून आमच्याकडे जेवताना कसल्या गप्पा चालतात ते कळावं.

इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे 'मेडिकल टेक्नॉलॉजीतल्या संधी' असा लेख मागितला होता. हा तो लेख नव्हे. संपादकांचा यात काही दोष नाही, कारण मी रेगेन्सबर्गच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनाच काय, मंडळात कुणालाच नाही.

खोटं बोललो असंही नाही, आणि तीच तर सगळी मखलाशी. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत एकाने विचारलं, कुठल्या कंपनीत? आजूबाजूला सगळे गाड्यांच्या कारखान्यातले आणि सॉफ्टवेअरवाले. मी म्हणालो, हॉस्पिटलात आहे, यंत्रं बघतो. ते खरंच होतं. व्हेंटिलेटर हे यंत्र आहे आणि मी ते बघतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस जोडलेला असतो एवढंच सांगायचं राहिलं. पुढच्या गणपतीपर्यंत मी 'मेडटेकमध्ये' होतो आणि त्याच्या पुढच्याला मॅनेजर झालो. इतक्या झपाट्याने बढती जर्मनीत कुणाला मिळत नाही.

लाज कसली वाटत होती, हे विचारू नका. म्हणजे विचारा, आज सांगायलाच बसलोय. मिरजेला नर्सिंगला नाव घातलं तेव्हा वर्गात आम्ही मुलगे मोजकेच. वडील लोकांना सांगायचे, थोरला मेडिकल लाईनला आहे. लाईन कुठली ते ते सांगत नसत आणि कुणी विचारू लागलं की पावसापाण्याचा विषय काढत. ते मी बरोबर घेऊन आलो. जर्मन लोकांसमोर मला या कामाचा सरळसरळ अभिमान आहे. लाज फक्त मराठीत वाटायची.

काम काय असतं ते आधी सांगतो. पेशंटच्या डोक्याशी एक पडदा असतो. त्यावर हिरवी रेघ हृदयाची, निळी ऑक्सिजनची, लाल रक्तदाबाची. आमच्याकडे असे रंग आहेत, दुसरीकडे वेगळे असतील. हातापायाशी पिचकारीसारख्या सिरिंजा बसवलेले पंप असतात, ते थेंबाथेंबाने औषध ढकलतात. आणि यातलं प्रत्येक यंत्र बोंबलतं. नातेवाईक प्रत्येक आवाजाला उभे राहतात. आम्ही राहत नाही, म्हणून आम्ही निर्दय वाटतो. बहुतेक आवाजांचा अर्थ 'औषध संपत आलंय' किंवा 'वायर निसटली' एवढाच असतो. तान्ह्या बाळाच्या आईला जसं कळतं की हे रडणं भुकेचं आणि हे नुसतंच, तसं आम्हालाही कळायला लागतं.

पण ते नेहमी कळतंच असं नाही. एकदा पडद्यावर हिरवी रेघ थैमान घालू लागली. अशी रेघ दिसली की धावायचं असतं. हृदय फडफडतंय, रक्त पुढे जात नाही, शॉक द्यायचा. मी शॉकचं यंत्र ढकलत खोलीत घुसलो, मागून दोन डॉक्टर. आत बव्हेरियातले एक आजोबा पलंगावर बसून अत्यंत मन लावून दात घासत होते. छातीच्या पट्ट्या हाताच्या हालचालीने हलत होत्या. आजोबांनी आमच्याकडे पाहिलं, तोंडातला फेस थुंकला आणि विचारलं, इथे दात घासायला बंदी आहे का? तेव्हापासून आमच्याकडे नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात: आधी माणसाकडे बघ, मग पडद्याकडे.

दुसरी गोष्ट डेलिरियमची. मोठं आजारपण, भूल, झोप नाही, चोवीस तास दिवे, यामुळे आयसीयूत भल्याभल्यांचं डोकं काही काळ फिरतं. वेड नव्हे ते, उतरतं. आमच्याकडे एक हेडमास्तर होते, त्यांना खात्री होती की आपण बोटीवर आहोत आणि जेवण वाईट असल्याने कप्तानाकडे तक्रार करायची आहे. एका आजींनी औषधाच्या पंपाकडे बोट दाखवून माझ्याकडे बियर मागितली होती. अशा वेळी पेशंट नळ्या उपटतो. म्हणून डॉक्टर रोज विचारतात: तुमचं नाव काय, कुठे आहात, आज काय वार, समोर कोण आहे? उत्तरं चुकली की डेलिरियम.

आता इंदूकाकू.

काकू साताऱ्याकडच्या, सत्तरीच्या. लेकीचं बाळंतपण करायला नवऱ्यासह जर्मनीला आलेल्या. बाळ आलं, बारसं ठरलं, आणि काकूंच्या पोटात असं दुखू लागलं की रुग्णवाहिका बोलवावी लागली. आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं, त्या आमच्याकडे आल्या. घशातली व्हेंटिलेटरची नळी लवकर निघाली, पण श्वास अजून अपुरा होता. अशा वेळी नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून यंत्राने हवा आत ढकलतात. धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यावर जसं होतं, तसं ते तासन् तास सोसायचं. सोसलं तर सुटका. नाही सोसलं तर पुन्हा भूल, पुन्हा नळी, आणि त्या वयात दुसऱ्यांदा घातलेली नळी कधी निघेल याची खात्री कुणी देत नाही.

काकू मास्क ओढून काढत होत्या.

त्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर होतो. परदेशातून आलेल्या पेशंटला अंगावर कुठले चिवट जंतू नाहीत ना, याचा रिपोर्ट येईपर्यंत आमच्याकडे वेगळं ठेवतात. आत जाताना टोपी, मास्क, चष्मा, पिवळा झगा. माझी बायकोदेखील मला ओळखणार नाही असा अवतार. बाहेरच्या काचेतून मी आधीच पाहिलं होतं की काकूंचा जावई म्हणजे मंदार. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. 'श्रीकांतदादा मेडटेकमध्ये आहेत' हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला माणूस.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर ह्यूबनर, यांनी मला विचारलं, ही तुझी भाषा का?

मी म्हणालो, "नाही. भारतात खूप भाषा आहेत. ती माझी भाषा नाही."

हे वाक्य मी व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये बोललो. मग मी त्या मराठीत भिजत दिवसभर उभा राहिलो.

डॉक्टरांनी मोबाईलवर भाषांतराचं ॲप काढलं. कुठे आहात, असं विचारलं. काकू दोन श्वासांमध्ये म्हणाल्या, बाळंतपणाला आलेय. ॲपने त्याचं जर्मन अचूक केलं. डॉक्टरांनी ते वाचलं, काकूंचं वय पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. आज काय वार, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, संकष्टी. ॲप म्हणालं, आज संकट आहे. डॉक्टर म्हणाल्या, हे तसं बरोबर आहे, पण मार्क देता येणार नाहीत.

मग मंदारला झगा घालून आत आणलं. जावई समोर दिसताच काकूंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. अंगावर हॉस्पिटलचा मागून उघडा झगा, कपाळाला कुंकू नाही, आणि समोर जावई. दुसरं काय करतील? मंदार जर्मनमध्ये म्हणाला, "आल्झो, म्हणजे, त्या नेहमी अशा नसतात." डॉक्टरांनी नोंद केली: कुटुंबीयांना ओळखत नाहीत, घाबरतात.

दिवसभर काकू मास्क काढून तीच दोन वाक्यं म्हणत होत्या. एक, मला चूळ भरू द्या. दुसरं, ह्यांच्या गोळ्या लाल झाकणाच्या डब्यात आहेत. 'हे' म्हणजे मनोहरराव, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शुगर आणि बीपी, आणि घरात चहापूड कुठे असते तेही माहीत नसलेला माणूस. लेक ओली बाळंतीण, तिला कोण विचारणार? काकूंचा जीव त्या डब्यात अडकला होता. मी सगळं ऐकत होतो आणि ओल्या बोळ्याने त्यांचे ओठ पुसत होतो.

"चूळ, मेल्या, चूळ," त्या म्हणाल्या.

शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांच्या हातांना जाड मोजे बांधले, बॉक्सिंगवाल्यांसारखे. मोजे घातले की बोटांत काही धरता येत नाही, नळ्या ओढता येत नाहीत. बांधले मी. माझी गाठ चांगली बसते.

घरी जाऊन बायकोला सांगितलं नाही. जेवणावर लक्ष नव्हतं. मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, पापा आज नेहमीपेक्षाही कमी बोलतायत. तिला ते मोजता कसं आलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, जंतू नव्हते. झगे, टोप्या, मास्क सगळं गेलं. तोंड उघडं टाकून त्या खोलीत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण मंदार दिसत नव्हता, बाळाचं काही घेऊन घरी गेला होता. बाहेर काचेच्या दाराशी अण्णा एकटे उभे होते, स्वेटरवर कोट आणि कोटावर मफलर घालून. आत अजून बोलावलं नव्हतं, कारण आतल्या पेशंटचं धड चाललं नव्हतं. काकू थकल्या होत्या. निळी रेघ उतरत होती. डॉक्टर ह्यूबनर म्हणाल्या, साथ देत नाहीत, गोंधळलेल्या आहेत, नळी परत घालू. माझी सहकारी रेनाटे ट्रॉली घेऊन आली. मी भुलीचं औषध सिरिंजमध्ये भरायला घेतलं.

डॉक्टर न्यायी बाई आहेत. त्यांनी शेवटचं एकदा विचारून पाहायचं ठरवलं. मास्क सैल केला, काचेबाहेरच्या अण्णांकडे बोट केलं आणि ॲपला विचारायला लावलं: हा माणूस कोण? याचं नाव काय?

काकूंनी अण्णांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. आणि त्यांना चक्क हसू आलं.

डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणाल्या, नवऱ्याचंही नाव आठवत नाही.

पन्नास वर्षं संसार केलेल्या त्या बाईला नाव आठवत नव्हतं असं नाही. ती ते घेत नव्हती. आणि हे त्या खोलीत, त्या मजल्यावर, बहुधा त्या गावात त्या क्षणी एकट्या मला ठाऊक होतं. माझ्या हातात सिरिंज होती.

मी ती खाली ठेवली. पलंगाशी वाकलो आणि म्हणालो, "काकू, नाव घ्या."

काकूंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. आश्चर्य वगैरे नंतर. आधी त्यांच्या चेहऱ्यावर आले ते मांडवात सगळ्यांनी घेरल्यावर येतात ते भाव. म्हणाल्या, "असं कसं एकदम?"

मी म्हणालो, घ्याच, त्याशिवाय सुटका नाही.

त्यांनी डोळे मिटले. जुळवायला थोडा वेळ लागतोच. यंत्र बोंबलत होतं. मग सावकाश म्हणाल्या, "नाकात नळी, हाताला सुई, गळ्यात वायरींचा हार..." इथे दम संपला. मी मास्क लावला. हवा आत गेली, निळी रेघ जरा चढली. रेनाटे ट्रॉलीशी थबकून उभी होती. भाषा कळत नसली तरी वाक्य अर्धं आहे हे तिला कळलं होतं. मी मास्क उचलला.

"...मनोहररावांचं नाव घेते, उघडा तेवढं दार."

मी अण्णांच्या हॉस्पिटलच्या पासावरचं नाव डॉक्टरांना दाखवलं. मनोहर. मग ओळीन् ओळ जर्मन केली. त्या म्हणाल्या, पण हे यमकात आहे. यमकात बोलणं हेसुद्धा मेंदू बिघडल्याचं लक्षण असू शकतं. मी म्हणालो, आमच्याकडे नवऱ्याचं नाव यमकातच घेतात. त्यांनी विचारलं, नेहमी? मी म्हणालो, सणासमारंभाला; एरवी घेतच नाहीत. यावर डॉक्टर ह्यूबनरनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता मला वार विचारतात की काय असं वाटलं. मग मी बाळंतपणाचं सांगितलं, संकष्टीचं सांगितलं, जावयाचं, गोळ्यांच्या डब्याचं, सगळं. गेल्या कित्येक वर्षांत मी कामावर सलग इतकं बोललो नसेन.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काल ही तुझी भाषा नव्हती."

"काल नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी कालची नोंद खोडली. जर्मन माणूस गप्प बसला की फार आवाज होतो. रेनाटेने वातावरण सांभाळायला म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. ओरडला शेवटी ओरडला." आणि जाऊन दार उघडलं.

अण्णा आत आले. मला वाटलं आता काहीतरी हृद्य घडेल. काकूंनी मास्कखालून विचारलं, "गोळ्या घेतल्या का?" अण्णा म्हणाले, "कुठे आहेत?" ते ऐकून काकूंचा रक्तदाब जो चढला, तो औषधाने चढला नसता. लाल झाकणाचा डबा, हे एकदाचं सांगून झालं. चूळ भरून झाली. मोजे मी सोडले. गाठ चांगली बसली होती, सुटायला वेळ लागला. मग अण्णांनी स्वतःच्या हाताने मास्क धरला आणि साताऱ्याकडच्या भाऊबंदकीची एक लांबलचक गोष्ट सांगायला सुरुवात केली. काकूंना ती अर्थातच माहीत होती, पण अण्णा ती चुकीची सांगत होते, आणि मधे दुरुस्ती करायची तर श्वास लागतो. श्वासाचा इतका उत्तम व्यायाम मी आजवर पाहिलेला नाही. ट्रॉली रेनाटे परत घेऊन गेली. नळी घालावी लागली नाही.

संध्याकाळी मंदार आला. मला गणवेशात पाहून त्याचा चेहरा उजळला. "श्रीकांतदादा, तुम्ही? मशीन बिघडलंय का?"

उत्तर तयारच होतं. हो म्हटलं असतं तर अजून काही गणपती निभावले असते. मी म्हणालो, "नाही रे. मी इथे नर्स आहे. तुझ्या सासूबाई माझ्याकडे आहेत."

त्याने माझ्या गणवेशावरची नावाची पट्टी वाचली. मग त्याने विचारलं, मग मागच्या वर्षी मंडळात तुम्ही व्हेंटिलेटरवर लेक्चर दिलंत ते? मी म्हणालो, ते सगळं खरं होतं. तो म्हणाला, हो, तेच म्हटलं, इतकं समजेल असं कुणी मॅनेजर बोलत नाही. आणि पाठोपाठ मोबाईल काढून त्याने मला वडिलांचे कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट दाखवले. तेव्हापासून निम्मं मंडळ मला रिपोर्ट दाखवतं. मॅनेजर होतो तेव्हा निदान शनिवार-रविवार मोकळे असायचे.

इथे थांबलो असतो तर मी या गोष्टीतला बऱ्यापैकी नायक ठरलो असतो. काकू तसंच समजतात. आमचा मराठी पोरगा देवासारखा आला, असं त्यांनी साताऱ्यापर्यंत फोन करून सांगितलंय. पन्नाशीच्या माणसाला पोरगा म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, त्यामुळे मीही ते मुकाट ऐकून घेतलं. पण त्यांना साध्या वॉर्डात हलवायच्या दिवशी मी पलंग ढकलत होतो, तेव्हा लिफ्टची वाट बघताना त्यांनी मला हळूच विचारलं, "काय हो, त्या पहिल्या दिवशी एक जर्मन होता. पिवळ्या झग्यावाला. तो कुठंय?"

मी म्हणालो, असेल इथेच.

"मेला अगदी दगड होता. हाताने मऊ हो, वाईट नव्हता. पण मी चूळ चूळ करतेय आणि हा नुसता बघतोय. त्याच्या डोळ्यांवरून मला सारखं वाटत होतं, याला कळतंय. पण जर्मनाला कसं कळेल?"

लिफ्ट आली. मी पलंग आत घेतला. सांगायला ती जागा चांगली होती. दार बंद, आम्ही दोघंच, आणि काकू आडव्या. मी बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिलो.

"त्याला निरोप सांगाल?" काकू म्हणाल्या. "म्हणावं, भाषा येत नसली तर नसू दे. पण माणूस बोलत असताना 'हं' तरी म्हणावं."

मी म्हणालो, सांगतो.

मंदार हा अंक साताऱ्याला पाठवतो आणि काकू तो जाहिरातींसकट वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून संपादकांना त्यांचा लेख न देता हा दिला. काकू, निरोप त्याला पोचला. हं.